275 विरुद्ध 153 : ऑक्सफर्डच्या मुलांनी लढायला नकार दिला, म्हणजे नेमके काय केले?

महाविद्यालयातील मुलांनी युद्धाविषयी किंवा राजकारणाविषयी मत मांडले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. ‘पोरांचे बोलणे काय मनावर घ्यायचे’ ही एक आणि ‘ही पिढी देश बुडवणार’ ही दुसरी. पुष्कळदा एकच माणूस ही दोन्ही वाक्ये एका दमात बोलतो. अशा वादात कोणी तरी 1933 सालच्या ऑक्सफर्डच्या एका ठरावाचा दाखला देतो आणि तो दाखला साधारण दोन ओळींत आटोपतो : ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘आम्ही देशासाठी लढणार नाही’ असे ठरवले, हिटलरने ते ऐकले, इंग्रज भेकड झाले असे त्याला वाटले आणि त्याने युद्ध पुकारले.

या दोन ओळींत बरेच काही चुकीचे जोडले गेले आहे. ठराव झाला होता, मते मोजली गेली होती आणि गदारोळही उठला होता. परंतु त्या मतांचा अर्थ काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो उलगडायचा तर आधी ते सभागृह कसे चालते हे समजून घ्यावे लागते.

युनियन म्हणजे विद्यार्थी संघटना नव्हे

‘ऑक्सफर्ड युनियन’ हे नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर निवडणुका लढवणारी, मोर्चे काढणारी विद्यार्थी संघटना येते. ही संस्था तशी नाही. 1823 साली स्थापन झालेले ते वर्गणीदार सदस्यांचे खासगी मंडळ आहे. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या नगर वाचनालयाला स्वतःची इमारत, स्वतःचे ग्रंथालय, स्वतःची घटना आणि नियमित निवडणुका असतात, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की या मंडळाचे मुख्य काम वादविवाद हे आहे. ते विद्यापीठाचा विभाग नाही आणि सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकारही त्याला नाही. 1933 साली तर स्त्रियांना तेथे सदस्यत्वच नव्हते. ते पुढे 1963 साली मिळाले. त्यामुळे ‘ऑक्सफर्डने ठरवले’ या वाक्यातील ‘ऑक्सफर्ड’ हा शब्द पहिल्याच पायरीवर बराच आकसतो.

तरीही या मंडळाला वजन होते. ग्लॅडस्टन आणि अ‍ॅस्क्विथ हे दोन पंतप्रधान विद्यार्थिदशेत याच युनियनचे अध्यक्ष होते. येथे बोलणारी मुले दहा-वीस वर्षांनी वेस्टमिन्स्टरच्या संसदेत बोलताना दिसतात, हे ब्रिटनमधील वर्तमानपत्रांना ठाऊक होते आणि म्हणून तेथील एखादा ठराव बातमीचा विषय होऊ शकत असे.

कामकाजाची पद्धत संसदेवरून उचललेली होती. अध्यक्ष उच्चासनावर बसत, दोन बाजूंचे वक्ते समोरासमोर बसत आणि प्रत्येकाने अध्यक्षांना उद्देशून बोलायचे असे. ठरलेले वक्ते बोलून झाले की श्रोत्यांपैकी कोणालाही उठून बोलता येई. शेवटी मतविभागणी होई, म्हणजे सदस्य सभागृहातून बाहेर पडताना आपल्या मतानुसार होकाराच्या किंवा नकाराच्या दारातून जात आणि दाराशी उभे असलेले मोजणीदार त्यांना एकेक करून मोजत.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेत आणि या पद्धतीत असलेला एक फरक येथेच सांगायला हवा, कारण बराचसा गैरसमज त्यातून होतो. मी महाविद्यालयात असताना फिरत्या करंडकाच्या स्पर्धांना जात असे. तेथे बाजू चिठ्ठीने ठरे. एकदा डब्यातून काढलेल्या चिठ्ठीवर ‘प्रतिकूल’ असे निघाले आणि ज्या मताचा मला मनापासून तिटकारा होता ते मी पाच मिनिटे, दुसरी घंटा होईपर्यंत, तळमळीने मांडले. परीक्षकांनी गुण दिले ते मांडणीला, माझ्या मताला नव्हे. ऑक्सफर्डच्या सभागृहात परीक्षक नसतात. तेथे निकाल श्रोते देतात. परंतु त्या श्रोत्याने मत नेमके कशाला दिले, ठरावाला, वक्त्याच्या वक्तृत्वाला, की केवळ समोरच्या बाजूवरील रागाला, हे दाराशी उभ्या असलेल्या मोजणीदाराला कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

‘ठराव’ या शब्दाचे दोन अर्थ

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत इमारत रंगवण्याचा ठराव झाला की पुढच्या महिन्यात प्रत्येकाच्या बिलात रक्कम लागते. तो ठराव बांधून घेतो. युनियनचा ठराव कोणालाही बांधत नाही. तो बोलण्यासाठी घेतलेला विषय असतो, वाक्याच्या रूपात मांडलेला. ‘हे सभागृह असे असे मानते’ अशी त्याची ठरलेली सुरुवात असते आणि ‘हे सभागृह’ म्हणजे त्या रात्री तेथे हजर असलेले सदस्य. पुढच्या गुरुवारी वेगळे सदस्य आले तर तेच सभागृह नेमके उलट मत देऊ शकते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

ठरावाची भाषा मुद्दाम टोकाची ठेवलेली असते. ‘युद्ध वाईट असते काय’ असे विचारले तर सगळेच माना डोलावतील आणि सभा अर्ध्या तासात संपेल. धार नसलेल्या विळीवर भाजी चिरली जात नाही, चेचली जाते. ठरावाचेही तसेच आहे. वाक्य इतके धारदार हवे की मधोमध उभे राहणाऱ्या माणसालाही एक बाजू घ्यावीच लागेल.

त्या गुरुवारी रात्री

9 फेब्रुवारी 1933 रोजी सभागृहापुढे आलेला ठराव असा होता : हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत आपल्या राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही. त्या वेळी अ‍ॅडॉल्फ हिटलर जर्मनीचा चान्सलर होऊन अवघे दहा दिवस झाले होते. अध्यक्षस्थानी फ्रँक हार्डी होते. ठराव मांडला तो सेंट जॉन्स कॉलेजच्या केनेल्म डिग्बी यांनी, आणि त्याला विरोध केला कीथ स्टील-मेटलंड यांनी. दोन्ही बाजूंना एकेक पाहुणा वक्ता होता : ठरावाच्या बाजूने तत्त्वज्ञानाचे अध्यापक सी. ई. एम. जोड आणि विरोधात पंचविशीतले क्विंटिन हॉग.

डिग्बी यांचा मुख्य मुद्दा साधा होता. मागचे महायुद्ध ‘युद्धे कायमची संपवणारे युद्ध’ म्हणून लढले गेले. ते खोटे असेल तर तो एक नीच खोटेपणा होता. आणि खरे असेल, तर आता आम्ही पुन्हा लढायला नकार देतो त्याला विरोध करण्याचे कारणच काय? त्यांनी सोव्हिएत रशियाचे कौतुकही केले, आणि दुसऱ्या दिवसापासून टीकाकारांना तेवढेच पुरले.

हॉग यांनी दिलेले उत्तर आज वाचताना अधिक वजनदार वाटते. अशा धोरणाने युद्ध टळणार नाही, उलट ओढवेल. ब्रिटन हा युरोपातील शांततेचा एक आधार आहे आणि त्याचा शब्द कोणी मानेनासा झाला तर शांतता उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पण ती रात्र जोड यांची ठरली. नव्या शस्त्रांमुळे विनाशाचे प्रमाण इतके वाढले आहे की पूर्वीच्या मर्यादित युद्धांना लावलेले समर्थन आता लागूच पडत नाही, असे त्यांनी सांगितले. मग शत्रू चालून आला तर काय करायचे, या अटळ प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले ते आपल्या दृष्टीने फार लक्षणीय आहे : गांधींच्या मार्गाने अहिंसक असहकार. दांडीयात्रेला तेव्हा तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या साम्राज्याविरुद्ध ते शस्त्र उचलले गेले होते, त्याच साम्राज्याच्या सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात ते स्वसंरक्षणाचा उपाय म्हणून सुचवले जात होते. गांधींच्या चळवळीचा परिणाम केवढ्या दूरवर पोहोचला होता, याचा याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

मोजणी झाली. बाजूने 275, विरोधात 153.

दुधाने तोंड पोळलेली पिढी

हे मत कोठून आले? त्या सभागृहातील बहुतेक मुले 1911 ते 1914 च्या सुमारास जन्मलेली. त्यांचे बालपण महायुद्धात गेले. वडील, काका, शेजारचा मुलगा, यांपैकी कोणी ना कोणी परतले नव्हते. एकट्या ऑक्सफर्ड विद्यापीठाची सुमारे 2,700 माणसे त्या युद्धात मरण पावली होती आणि प्रत्येक कॉलेजात त्यांच्या नावांच्या शिळा होत्या. जेवायला किंवा प्रार्थनेला जाताना ती नावे रोज नजरेस पडत.

असे दगड आपल्याकडेही आहेत. साताऱ्याच्या आणि कोकणाच्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. मराठा पलटणींची माणसे मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती, उपासमारीने खंगली होती आणि 1916 च्या एप्रिलमध्ये शरण गेल्यावर कैदेत पडली होती. ‘राजा आणि देश’ यांच्या नावाने केलेल्या हाकेची किंमत केवळ इंग्लंडने मोजलेली नव्हती.

‘राजा आणि देश’ हे शब्दही ठरावात सहज आलेले नव्हते. 1914 साली सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर हेच शब्द होते : तुमच्या राजाला आणि देशाला तुमची गरज आहे. 1933 सालच्या तरुण कानांना त्यांत देशप्रेमापेक्षा भरतीची घोषणा अधिक ऐकू येत होती, आणि ती घोषणा ऐकून गेलेल्यांचे काय झाले हे त्यांनी पाहिलेले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पोळलेल्या तोंडाने फुंकर घालण्याला भित्रेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. तसेच समोरच्या भांड्यात खरोखर काय आहे, हे त्या फुंकरीने कळत नाही, हेही खरे.

त्यात भीतीची भर होती. 1932 सालच्या सुरुवातीला जपानने शांघायवर बाँब टाकले होते. त्याच वर्षाच्या 10 नोव्हेंबरला स्टॅनले बाल्डविन यांनी संसदेत सांगितले होते की बाँबफेकी विमान काहीही केले तरी आत घुसणारच. सरकारातील इतका ज्येष्ठ नेता असे म्हणत असेल, तर विशीतल्या मुलाने युद्धाला घाबरावे यात नवल ते काय?

‘लढणार नाही’ म्हणणाऱ्यांत किती प्रकार होते?

येथे दोन संज्ञा समजून घेतल्या की पुढचे सोपे जाते. पहिली शांततावाद : कोणत्याही कारणासाठी युद्ध करणे चूकच, ही भूमिका. दुसरी सामूहिक सुरक्षा : एका देशाने दुसऱ्यावर आक्रमण केले तर सर्व देशांनी मिळून आक्रमकाला रोखावे, आधी आर्थिक बहिष्काराने आणि गरज पडली तर सैन्यानेही, ही पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघामागची कल्पना. वाडीत एकाच्या घरावर दरोडा पडला तर सगळ्या वाडीने काठ्या घेऊन धावायचे, असा तो करार होता. वाडीसाठी धावणारा माणूस काठीच्या विरोधात नसतो. आपल्या एकट्याच्या बांधाच्या भांडणासाठी शेजाऱ्याचे डोके फोडणे त्याला मान्य नसते, इतकेच.

त्या रात्री होकाराच्या दारातून गेलेल्या 275 जणांत कट्टर शांततावादी होते, राष्ट्रसंघावर भिस्त ठेवणारे होते, भांडवलदारांच्या युद्धात पडायचे नाही म्हणणारे समाजवादी होते आणि जोड यांच्या भाषणाने भारावून गेलेलेही असणारच. ठरावातील ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द शब्दशः घेतले तर फक्त पहिल्या गटालाच लागू पडतात. परंतु मोजणीत सगळे एकच धरले गेले. प्रत्येक मोजणीत हे व्हायचेच. म्हणून आकडा हाती आला की अर्थ हाती आला, असे समजू नये.

देशातील व्यापक जनमत कसे होते याचा अंदाज दोन वर्षांनी आला. 1935 साली जून महिन्यात ‘पीस बॅलट’ नावाच्या खासगी जनमतचाचणीचे निकाल जाहीर झाले. स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन घेतलेल्या या चाचणीत 1 कोटी 10 लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. आक्रमक देशाला गरज पडल्यास इतर राष्ट्रांनी मिळून सैनिकी बळाने रोखावे काय, या प्रश्नाला सुमारे 68 लाखांनी होकार दिला आणि सुमारे 23 लाखांनी नकार. शांतता हवी म्हणणारे बहुसंख्य लोक काठी टाकायला तयार नव्हते. एकट्याने आणि जुन्या कारणांसाठी ती चालवायला मात्र ते राजी नव्हते.

पांढरी पिसे

ठरावानंतर वर्तमानपत्रांनी रान उठवले. ‘डेली टेलिग्राफ’ला त्यात राजनिष्ठेचा अभाव दिसला, ‘डेली एक्स्प्रेस’ने कम्युनिस्ट आणि थट्टेखोर पोरांवर खापर फोडले. ‘मँचेस्टर गार्डियन’ने मात्र वेगळा अर्थ लावला : मागची युद्धे ‘राजा आणि देश’ म्हणत ज्या तऱ्हेने ओढवली गेली, त्या तऱ्हेविषयीची तरुणांची ही घृणा आहे. 17 फेब्रुवारीला विन्स्टन चर्चिल यांनी एका भाषणात या ठरावाला हीन आणि निर्लज्ज कबुली म्हटले, आणि हे ऐकून जर्मनीतील तरुणांना काय वाटेल, असा प्रश्न केला.

युनियनच्या कार्यालयात एक पेटी येऊन पोहोचली. आत 275 पांढरी पिसे होती, होकार देणाऱ्या प्रत्येकासाठी एक. महायुद्धात साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणाच्या हातात भर रस्त्यात पांढरे पीस ठेवून त्याला भेकड ठरवण्याची चाल इंग्लंडमध्ये होती. आपल्याकडे बांगड्या भरायला सांगतात त्याच जातीचा हा अपमान. पाठवणाऱ्याने आकडा चुकवला नव्हता. 275 पिसे गोळा करून, मोजून, पेटीत भरून पाठवायला जो वेळ लागला असेल, त्यावरून त्या रागाची खोली कळते.

पुढच्या आठवड्यात काही तरुण सभेत घुसले आणि त्यांनी इतिवृत्ताच्या वहीतून या ठरावाचे पान फाडून नेले.

दुसरीकडे मँचेस्टर आणि ग्लासगो येथील विद्यार्थ्यांनी तसेच ठराव केले, आणि अमेरिकेत ‘ऑक्सफर्ड प्रतिज्ञा’ या नावाने युद्धात भाग न घेण्याची शपथ हजारो विद्यार्थ्यांनी घेतली. मूळ वाक्य बोलण्यासाठी घेतलेला विषय होते. अटलांटिक ओलांडताना त्याची शपथ झाली. विषय आणि शपथ यांतील ही सरमिसळ समर्थकांनीही केली आणि टीकाकारांनीही.

‘पण हिटलरला त्यामुळेच बळ मिळाले ना?’

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो चर्चिल यांच्यासारख्या माणसाने घेतल्यामुळे त्याला वजन आले. जर्मनी, इटली, रशिया आणि जपान या देशांत ‘ब्रिटन ढासळला आहे’ अशी समजूत या ठरावामुळे रुजली, असे त्यांनी युद्धानंतरही लिहिले.

ही समजूत तपासण्याचा प्रयत्न नंतर झाला. ब्रिटिश इतिहासकार मार्टिन सीडेल यांनी 1970 च्या दशकात या वादाचा बारकाईने अभ्यास केला. हिटलरने एखादा निर्णय या ठरावाकडे बघून घेतला असा पुरावा त्यांना मिळाला नाही. परदेशी वर्तमानपत्रांत ठरावाचा उल्लेख झाला होता, त्याचा प्रचारात वापरही झाला असेल. परंतु प्रचारात वापरणे वेगळे आणि त्यावर सैन्य हलवणे वेगळे.

लासलगावचा कांद्याचा व्यापारी बोली लावताना बाजार समितीत किती ट्रॅक्टर आले, माल कसा आहे, निर्यात सुरू आहे की बंद, हे पाहतो. नाक्यावरच्या टपरीवर कोण काय म्हणाले हे त्याच्या कानावर येते, पण त्यावर तो पैसे लावत नाही. जर्मनीचा लंडनमध्ये दूतावास होता. ब्रिटन संरक्षणावर किती खर्च करतो, त्याची किती विमाने तयार होतात, सैन्य ठेवण्यास मनाई असलेल्या जर्मनीच्या पश्चिमेकडील ऱ्हाइनलँडमध्ये 1936 साली जर्मन सैन्य शिरले तेव्हा ब्रिटिश सरकारने काय केले, हे सगळे उघड्यावर होते. ते पाहणाऱ्याला विद्यार्थ्यांच्या मतमोजणीची गरज नव्हती.

येथे मी आक्षेप घेणाऱ्यांना एक गोष्ट मान्य करीन. लोकशाही सरकार मतदाराकडे बघून पावले टाकते, आणि युद्धविरोधी जनमताच्या वातावरणात हा ठराव एक ठळक खूण होता. 1933 च्या ऑक्टोबरमध्ये ईस्ट फुलहॅमच्या पोटनिवडणुकीत सरकार पक्षाने 14 हजारांहून अधिक मताधिक्याची जागा गमावली. त्या प्रचारात शस्त्रवाढीचा मुद्दा गाजला होता आणि राज्यकर्त्यांनी तो धसका बराच काळ बाळगला. म्हणजे ताप होता. थर्मामीटरने तो दाखवला. थर्मामीटरमुळे ताप आला, असे म्हणणे मात्र चूक आहे.

‘मग 1939 साली मुले लढायला कशी गेली?’

सहा वर्षांत जग पालटले. स्पेनमधील यादवी युद्ध, ऑस्ट्रियाचे विलीनीकरण, ज्यूंवरील अत्याचार, म्युनिक. सप्टेंबर 1938 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी म्युनिकला हिटलरशी करार करून चेकोस्लोव्हाकियाचा लचका तुटू दिला, तेव्हा ऑक्सफर्ड शहरातच पोटनिवडणूक लागली. म्युनिक कराराच्या बाजूने उभे राहिलेले उमेदवार होते क्विंटिन हॉग, म्हणजे 1933 साली राजा आणि देश यांची बाजू लढवणारे तेच हॉग. विरोधात होते बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख लिंडसे आणि हिटलरपुढे नमते घेऊ नका म्हणत त्यांच्यासाठी दारोदार फिरत होते विद्यार्थी. त्या विद्यार्थ्यांत एडवर्ड हीथ होते, जे स्वतः हॉग यांच्याच पक्षाचे होते आणि पुढे पंतप्रधान झाले. हॉग निवडून आले. 1940 साली त्यांनी चेंबरलेन सरकारच्या विरोधात मत दिले, सैन्यात भरती होऊन आफ्रिकेच्या वाळवंटात ते जखमीही झाले. माणसाची भूमिका एका रात्रीच्या मतावरून कायमची ठरवू नये, हे मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा हॉग यांच्या या प्रवासावरून अधिक पटते.

1939 च्या एप्रिलमध्ये त्याच युनियनने सक्तीच्या सैन्यभरतीचे स्वागत करणारा ठराव 423 विरुद्ध 326 मतांनी मंजूर केला. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्डमध्ये भरती मंडळ बसले. बोलावलेल्या सुमारे 3,000 तरुणांपैकी 2,632 जणांनी स्वेच्छेने नाव नोंदवले. ही मुले 1933 ची नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तेव्हाची पदवी घेऊन बाहेर पडली होती. तरीही एवढे नक्की म्हणता येते की त्या ठरावाने ऑक्सफर्डच्या तरुणांचा कणा मोडला नव्हता.

‘मुलांनी अभ्यास करावा, यात पडूच नये’

हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी होते आणि ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ ही तिची मराठी शाखा होती. धर्म आणि राजकारण हे विषय तेथे वर्ज्य होते. निबंध वाचले जात, शास्त्रावर चर्चा होई, आणि त्याच तरुणांनी वर्षभरात मुलींच्या शाळा सुरू केल्या. राजकारण बोलायचे नाही असे ठरवून बसलेली मुले समाजाच्या सर्वांत नाजूक प्रश्नाला हात घालून मोकळी झाली. विचार करायला शिकलेला विद्यार्थी कोणत्या उंबरठ्यावर थांबेल, हे नियमावलीने ठरत नाही.

पुढे सरकारची धास्ती वाढली. 1905 साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाल्यावर विनायक दामोदर सावरकरांना 10 रुपये दंड झाला आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढले गेले. 1907 साली विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्यासाठी हिंदुस्थान सरकारचे रिस्ले परिपत्रक निघाले. ज्या राजवटीच्या मायदेशात विद्यार्थी ‘राजासाठी लढणार नाही’ असे मतदानाने ठरवू शकत होते, तीच राजवट येथे विद्यार्थ्याला सभेला जाऊ देत नव्हती. येथे आपल्याला भाषणाच्या मोकळिकीची किंमत दुहेरी कळते. आणि म्हणूनच मुंबईचे डी. एफ. कराका 1934 साली ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्ष झाले, ही घटना मला मोठी वाटते : साम्राज्याच्या प्रजेतील एक तरुण त्या उच्चासनावर बसला आणि भावी राज्यकर्त्यांना बोलण्यासाठी त्याची परवानगी घ्यावी लागली. पुढे मुंबईला परतून त्यांनी पत्रकारिता केली आणि ‘करंट’ हे साप्ताहिक चालवले.

मुलांचे मत कच्चे असते, हे मी मान्य करतो. डिग्बी यांना रशियाविषयी वाटलेला विश्वास कच्चा होता, आणि हिटलरसारख्या शत्रूपुढे गांधीमार्ग कसा चालेल याचे उत्तर जोड यांच्याजवळही नव्हते. परंतु त्याच सभागृहात, त्याच रात्री, हॉग यांनी या कच्चेपणावर बोट ठेवले होते. मत कच्चे आहे हे कळायला ते कोणी तरी उघडपणे मांडावे लागते, आणि समोर बसलेल्या कोणी तरी त्याला उत्तर द्यावे लागते. ज्या पिढीला खंदकात पाठवायचे, तिला खंदकाविषयी बोलण्याची मात्र बंदी, हे मला कोणत्याच काळात न्याय्य वाटत नाही.

फाडलेले पान

इतिवृत्तातून पान फाडले गेले, परंतु ठराव अधिकृतपणे खोडला गेला नव्हता. ते काम करायला 2 मार्च 1933 रोजी चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ चर्चिल ऑक्सफर्डला आले. ते युनियनचे सदस्य होते आणि 9 फेब्रुवारीचा ठराव कामकाजातून वगळावा, असा प्रस्ताव त्यांनी आणला. सभागृह खच्चून भरले होते. तीन आठवड्यांपूर्वी एकूण 428 जणांनी मत दिले होते; या रात्री त्याच्या दुपटीहून अधिक सदस्य आले. वातावरण पाहून रँडॉल्फ यांनी प्रस्ताव मागे घेण्याची तयारी दाखवली, पण सभागृहाने ती मान्य केली नाही आणि मतविभागणी झालीच.

ठराव खोडावा म्हणणारे 138 निघाले, खोडू नये म्हणणारे 750. मूळ ठरावाला होकार देणारे सगळे 275 जण त्या रात्री हजर होते असे धरले, तरी उरलेले 475 असे होते ज्यांनी त्या ठरावाला कधीच मत दिले नव्हते.